विद्यापीठाच्या शेजारी राहायला आलात? मग इथून सुरुवात करा

खडकीच्या बाजूला राहायला आलो तेव्हा घरमालकीणकाकूंनी पाण्याची वेळ, कचऱ्याच्या गाडीची वेळ, रात्री उघडा असणारा दवाखाना असं सगळं नीट समजावून सांगितलं. गच्चीवरून पलीकडे नुसती झाडीच झाडी दिसत होती. मी विचारलं, ‘ते काय आहे?’ काकू म्हणाल्या, ‘विद्यापीठ. पण आपलं काय काम तिथं?’ पुढची दोन वर्षं मीही तेच धरून चाललो. भिंतीच्या कडेने रोज जायचो, पण आत कधी गेलो नाही.

मग एकदा झेरॉक्सच्या दुकानात रांगेत उभा असताना काउंटरच्या काचेला चिकटवलेला एक कागद दिसला. व्याख्यानाचा विषय, वक्त्यांचं नाव, ‘संत नामदेव सभागृह’ आणि सगळ्यात खाली बारीक अक्षरात ‘प्रवेश सर्वांसाठी खुला’. त्या एका ओळीवर गेलो. आत कुणी ओळखपत्र विचारलं नाही, कुणी ‘तुम्ही कोणत्या विभागाचे?’ असं म्हटलं नाही. शेवटच्या रांगेत बसून दीड तास ऐकलं आणि घरी चालत आलो.

तेव्हापासून औंध, बाणेर, खडकी, पाषाण, बोपोडी भागात कुणी नवं राहायला आलं की मी त्यांना हे सांगतो. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात आणि त्याच्या आवारातल्या संस्थांमध्ये शेजाऱ्यांना जाता येईल, ऐकता येईल, शिकता येईल असं पुष्कळ काही घडत असतं. ते तुमच्या दारात येऊन कुणी सांगत नाही. ते कळायची सोय आपली आपणच लावून घ्यायची असते. ती कशी लावायची, ते इथं क्रमाने लिहितो.

आधी शेजारी कोण, ते ओळखा

आवार ४११ एकरांचं आहे. विद्यापीठाची स्थापना १० फेब्रुवारी १९४९ ची. पहिले कुलगुरू डॉ. मुकुंद रामराव जयकर, ज्यांना लोक बाबासाहेब जयकर म्हणत. तेव्हाचे मुंबई प्रांताचे मुख्यमंत्री बाळासाहेब खेर यांनी मनावर घेतलं म्हणून शहराच्या इतक्या जवळ एवढी जागा मिळाली. २०१४ साली विद्यापीठाला सावित्रीबाई फुले यांचं नाव दिलं गेलं. जुनी मंडळी अजून ‘पुणे विद्यापीठ’ म्हणतात आणि रिक्षावाल्याला नुसतं ‘युनिव्हर्सिटी’ म्हटलं तरी कळतं.

मुख्य इमारत त्याहून जुनी. मुंबई इलाख्याच्या गव्हर्नरला पावसाळ्यात राहायला म्हणून ती बांधली. काम १८६४ ला सुरू झालं आणि १८७१ ला पूर्ण झालं. इथंच, तेव्हाच्या गव्हर्नमेंट हाउसात, २२ जून १८९७ च्या रात्री व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या हीरक महोत्सवाचा समारंभ झाला. तो आटोपून परतणाऱ्या प्लेग अधिकारी रँड आणि लेफ्टनंट आयर्स्ट यांच्यावर चापेकर बंधूंनी गणेशखिंड रस्त्यावर गोळ्या झाडल्या. आज आपण ज्या रस्त्यावर सिग्नल सुटायची वाट बघत बसतो, तो हाच रस्ता.

आता कामाची गोष्ट. आवारात जे जे आहे ते सगळं विद्यापीठाचं नाही. आयुका, म्हणजे खगोलशास्त्राचं आंतरविद्यापीठ केंद्र. रेडिओ खगोलशास्त्राचं एनसीआरए. पेशीविज्ञानाचं राष्ट्रीय केंद्र. संगणक संशोधनाचं सीडॅक. या सगळ्या स्वतंत्र संस्था आहेत. त्यांचे कार्यक्रम वेगळे, सूचना वेगळ्या, फाटकावरचे पहारेकरीही वेगळे. नवखा माणूस विद्यापीठाच्या मुख्य फाटकावर जाऊन आयुकाच्या कार्यक्रमाची चौकशी करतो आणि ‘माहीत नाही’ ऐकून परत फिरतो. चूक पहारेकऱ्याची नसते. कोणता कार्यक्रम कोणाचा, एवढं आधी पाहून घेतलं की निम्मी वणवण वाचते.

पहिली फेरी पायी मारा

पहिल्यांदा जाल ते कार्यक्रमासाठी नको. एखाद्या सकाळी, हातात वेळ ठेवून, पायी जा. गाडी घेऊन गेलात तर वाहनतळ शोधण्यात आणि एका विभागाकडून दुसऱ्या विभागाकडे वळण्यात आवाराची ओळखच होत नाही. ओळखपत्र खिशात असू द्या. फाटकावर विचारलं तर ‘शेजारी राहतो, जयकर ग्रंथालय आणि सूचनाफलक पाहायचे आहेत’ असं सरळ सांगा. सकाळी फिरायला येणाऱ्यांसाठीचे नियम आणि वेळा त्याच फाटकावर विचारून घ्या. शेजारचंच राजभवन आणि कुलपती म्हणजे राज्यपाल, त्यामुळे मोठ्या पाहुण्यांच्या दिवशी बंदोबस्त कडक असतो. अशा दिवशी वाद न घालता दुसऱ्या दिवशी जावं.

या फेरीत चार जागा डोक्यात बसवा. मुख्य इमारत आणि तिच्यातलं संत ज्ञानेश्वर सभागृह, संत नामदेव सभागृह, जयकर ग्रंथालय आणि ललित कला केंद्र. शेजाऱ्याच्या कामाचे निम्म्याहून जास्त कार्यक्रम या चार जागांच्या आसपास होतात. अनिकेत कँटीनही बघून ठेवा. चहासाठी तर आहेच, पण तिथं मुलांच्या बोलण्यातून ‘आज संध्याकाळी काय आहे’ हे जितकं पटकन कळतं तितकं दुसरीकडे कुठं कळत नाही.

मुख्य इमारतीच्या मागे अ‍ॅलिस गार्डन आहे. थोडं बसा. गणेशखिंड रस्त्याची गर्दी कानांवर यायची थांबते, तेव्हा कळतं की खेरांनी त्या वेळी केवढी दूरदृष्टी दाखवली. माझ्या मते पुण्यात या मापाची मोकळी जागा आता कुठल्याच किमतीला मिळणार नाही. म्हणून इथं कचरा टाकणारा शेजारी दिसला की मी त्याला थांबवून बोलतो.

बातमी कुठून कळते

सगळ्यात जास्त लक्ष इथं द्या, कारण नवख्याचं अडतं ते इथंच.

संकेतस्थळ आहे, आणि त्यावर परिपत्रकांचा ढीग असतो. परीक्षा, प्रवेश, निविदा, भरती यांच्या गर्दीत एखाद्या व्याख्यानाची सूचना हरवून जाते. त्यामुळे विद्यापीठाच्या मुख्य पानावर शोधत बसू नका. तुम्हाला ज्याची आवड आहे त्या विभागाचं पान उघडा: मराठी, इतिहास, पाली, संस्कृत-प्राकृत, मानवशास्त्र, पर्यावरण, स्त्री अभ्यास केंद्र. एका विभागाची खूण करून ठेवा आणि आठवड्यातून एकदा पाहा. आठ विभागांच्या मागे लागलात तर महिनाभरात कंटाळून सगळंच सोडून द्याल.

दुसरी जागा वर्तमानपत्रातली. मराठी वर्तमानपत्रांच्या पुणे आवृत्तीत आतल्या पानावर त्या दिवशीच्या कार्यक्रमांचा छोटा रकाना असतो. त्यात स्थळ, वेळ, वक्ते एवढंच असतं. हा रकाना मी चहाबरोबर पहिल्यांदा वाचतो. मोठ्या बातमीत ‘काल व्याख्यान झालं’ असं वाचून हळहळण्यापेक्षा ही चार ओळींची नोंद जास्त उपयोगाची.

तिसरा मार्ग रेडिओचा, आणि तो बहुतेकांना माहीतच नसतो. विद्यापीठाचं स्वतःचं समुदाय रेडिओ केंद्र आहे, ‘विद्यावाणी’, १०७.४ एफएमवर. समुदाय रेडिओचा प्रक्षेपक साधारण १०० वॅटचा असतो, म्हणजे तो आसपासच्या लोकांसाठीच असतो. लांबच्या उपनगरात खरखर ऐकू येईल, पण तुमच्या स्वयंपाकघरातल्या रेडिओवर तो लागायला हवा. सरकारी धोरणानुसार अशा केंद्राचे निदान निम्मे कार्यक्रम स्थानिक लोकांच्या सहभागातून झाले पाहिजेत. तुमच्या सोसायटीत कुणी ओव्या म्हणणारी आजी असेल, कुणी निवृत्त पोस्टमन असेल, कुणी गच्चीवर भाजी पिकवत असेल, तर केंद्रावर जाऊन ‘आमच्याकडे हे आहे’ असं सांगा. बातमी नुसती ऐकायची नाही, द्यायचीही.

चौथा मार्ग माझा आवडता: सूचनाफलक. विभागाच्या व्हरांड्यात लाकडी चौकटीचा, हिरव्या कापडाचा फलक असतो. त्यावर एकावर एक कागद, गंजलेल्या टाचण्या, कोपरा दुमडलेलं मागच्या महिन्याचं परिसंवादाचं पत्रक, त्यावर परीक्षेचं वेळापत्रक आणि त्याच्याखालून डोकावणारी अर्धी ओळ, ‘...यांचे व्याख्यान, दु. ३’. हाताने वरचा कागद अलगद उचलून खालचा वाचायला शिका. माझी सगळ्यात चांगली दोन व्याख्यानं अशीच, कागदाखालच्या कागदावर सापडली.

आणि पाचवा म्हणजे माणसं. विभागातले शिपाई, ग्रंथालयातले कर्मचारी, कँटीनचे मालक यांना मान देऊन विचारा, ‘मामा, या आठवड्यात सभागृहात काही आहे का?’ सभागृहाच्या खुर्च्या पुसायचं काम ज्यांच्याकडे असतं, त्यांना कार्यक्रम सगळ्यांत आधी माहीत असतो.

सूचना वाचायची कशी

‘प्रवेश सर्वांसाठी खुला’ किंवा ‘सर्वांनी उपस्थित राहावे’ लिहिलं असेल तर निःशंक जा. ‘नोंदणी आवश्यक’ असेल तर आधी नाव द्या, कारण कार्यशाळेत साहित्य आणि जेवण मोजून आणलेलं असतं. ‘निमंत्रितांसाठी’ असेल तर जाऊ नका. काहीच लिहिलेलं नसेल तर विभागात फोन करून ‘बाहेरच्या माणसाने आलं तर चालेल का?’ एवढं विचारा. व्याख्यानाला बहुतेक वेळा ‘या ना’ असंच उत्तर मिळतं. वर्गातला तास असेल तर शिक्षकांची परवानगी घ्यावी, ती त्यांची जागा आहे.

एक अनुभव सांगतो. एकदा शेजारच्या दोन काकांना आग्रहाने घेऊन एका संस्थेच्या कार्यक्रमाला गेलो. एका काकांच्या गुडघ्याचं दुखणं होतं, तरी ते जिने चढून आले. वर सभागृहाला कुलूप. कार्यक्रम दुसऱ्या दिवशी ढकलला होता आणि तशी सूचना कुठेही लावलेली नव्हती. काका काही बोलले नाहीत, पण पुन्हा माझ्याबरोबर आलेही नाहीत. तेव्हापासून आदल्या दिवशी फोन केल्याशिवाय मी कुणा वडीलधाऱ्याला नेत नाही. तुम्हीही नेऊ नका. फोन करताना आणखी दोन गोष्टी विचारा: लिफ्ट आहे का, आणि जवळ गाडी थांबवता येते का.

जाण्यायेण्याचं थोडक्यात. विद्यापीठ चौकातला जुना उड्डाणपूल २०२० साली पाडला, त्यानंतर तिथं नवा पूल आणि मेट्रोचं काम चालत आलं आहे. संध्याकाळी साडेपाच ते आठच्या दरम्यान चौक ओलांडायला लागणारा वेळ हिशेबात धरा. शहराकडून येत असाल तर मेट्रोने शिवाजीनगरपर्यंत आणि पुढे बस हा मार्ग बरा. औंध-खडकीकडच्या लोकांनी सरळ चालत यावं. नवरात्रात चतुःशृंगीच्या यात्रेमुळे सेनापती बापट रस्ता आणि चौक दोन्ही तुंबतात, त्या नऊ दिवसांत अर्धा तास आधी निघा. पावसाळ्यात रात्री परतताना विजेरी हवी. झाडी दाट आहे, साप निघतात.

वर्षातले न चुकवायचे दिवस

३ जानेवारीला सावित्रीबाईंची जयंती. मुख्य इमारतीपाशी त्यांचा पुतळा आहे, सकाळी तिथं अभिवादन होतं आणि विभागांमध्ये व्याख्यानं होतात. ज्या बाईने १८४८ साली भिडेवाड्यात मुलींना शिकवायला सुरुवात केली आणि त्यापायी अंगावर शेण झेललं, तिच्या नावाचं विद्यापीठ आपल्या शेजारी आहे. घरातल्या मुलींना या दिवशी एकदा तरी घेऊन जा. १० फेब्रुवारीला वर्धापनदिन. २७ फेब्रुवारीला मराठी भाषा गौरव दिन, त्या आठवड्यात मराठी विभागाकडे लक्ष ठेवा. २८ फेब्रुवारी विज्ञान दिन, त्याबद्दल पुढे सविस्तर. एप्रिलमध्ये ११ ला महात्मा फुले आणि १४ ला डॉ. आंबेडकर जयंती, त्या दोघांच्या नावाची अध्यासनं विद्यापीठात आहेत.

जूनच्या आसपास वारी. विद्यापीठाच्या राष्ट्रीय सेवा योजनेची मुलं ‘स्वच्छ वारी, स्वस्थ वारी, निर्मल वारी, हरित वारी’ हा उपक्रम घेऊन पालखीमार्गावर उतरतात. पालखी गेल्यावर रस्त्यावरच्या पत्रावळ्या गोळा करणारी ती मुलं तुम्ही पाहिली असतील. कुणाला मदत करायची असेल तर जवळच्या महाविद्यालयाच्या राष्ट्रीय सेवा योजनेच्या कार्यक्रम अधिकाऱ्यांना भेटा.

घरात मुलं असतील तर आयुका

इथं मी जास्त लिहिणार आहे, कारण शेजाऱ्यांसाठी दार उघडं ठेवणं म्हणजे काय, हे मी इथंच पाहिलं.

आयुका १९८८ साली सुरू झाली, संस्थापक संचालक डॉ. जयंत नारळीकर. इमारतींचा आराखडा चार्ल्स कोरिया यांचा. मधल्या पायऱ्यापायऱ्यांच्या कुंडात आर्यभट, गॅलिलिओ, न्यूटन आणि आइन्स्टाइन यांचे पुतळे आहेत. आत फूकोचा लंबक आहे, पृथ्वी स्वतःभोवती फिरते हे उभ्या उभ्या दाखवणारा. मुलाला त्याच्यापुढे घाई न करता उभं राहू द्या.

नारळीकर सरांकडे मुलं सही मागायला आली की ते म्हणायचे, सही नको, पोस्टकार्डावर एक प्रश्न लिहून पाठव, उत्तर लिहून खाली सही करीन. आणि उत्तरं यायची. २० मे २०२५ ला सर गेले. पण मुलाला प्रश्न विचारायला लावायचा ही तिथली रीत आहे, ती तुम्हाला तिथल्या प्रत्येक कार्यक्रमात दिसेल.

शालेय वर्षात दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी चंद्रशेखर सभागृहात शाळकरी मुलांसाठी प्रयोगांसह व्याख्यान असतं. ते शाळांमार्फत चालतं, म्हणून तुमच्या मुलाच्या शाळेत जाऊन विज्ञानाच्या बाईंना सांगा की नाव नोंदवा. महापालिकेच्या आणि छोट्या मराठी शाळांना हे आवर्जून सांगा. इंग्रजी शाळांना बहुधा माहीत असतं.

त्याच आवारात मुक्तांगण विज्ञान शोधिका आहे. पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांच्या देणगीतून उभ्या राहिलेल्या तिच्या इमारतीचं नाव ‘पुलस्त्य’. सप्तर्षींमधला एक तारा, आणि त्यात ‘पु. ल.’ही आले. अरविंद गुप्ता यांनी इथं अनेक वर्षं टाकाऊ वस्तूंपासून विज्ञानाची खेळणी केली.

माझी भाची पाचवीत असताना तिला घेऊन गेलो होतो. टेबलावर काडेपेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे काळे, बोटाच्या पेराएवढे तुकडे. तुकड्याच्या दोन्ही टोकांत काडी खुपसायची, तीन काड्या जोडून त्रिकोण, चार जोडून चौकोन. ताईंनी सांगितलं, दोन्ही हातांत धरून दाबा. भाचीने चौकोन दाबला, तो सरळ कलंडून पतंगासारखा तिरका झाला. त्रिकोण दाबला, तो हललाच नाही. तिने पुन्हा दाबला. मग स्वतःहूनच चौकोनाच्या मधोमध एक काडी तिरपी बसवली आणि दाबून पाहिलं, तर चौकोनही घट्ट. ताई काहीच बोलल्या नाहीत, नुसत्या बघत राहिल्या. येताना संगम पुलाजवळ रेल्वेचा पूल दिसला तेव्हा भाची बसच्या खिडकीतून ओरडली, ‘मामा, त्यात सगळे त्रिकोणच आहेत!’ जाण्याआधी नोंदणी लागते का ते विचारून घ्या. सुटीतल्या कार्यशाळांच्या जागा लवकर भरतात.

२८ फेब्रुवारीला विज्ञान दिनाला आयुका सगळ्यांसाठी खुली असते. प्रयोगशाळा पाहता येतात, शास्त्रज्ञांना प्रश्न विचारता येतात, आकाश स्वच्छ असेल तर संध्याकाळी दुर्बिणीतून पाहता येतं. रांग लांब असते. सकाळी लवकर जा, पाणी आणि टोपी बरोबर ठेवा, मुलाकडून घरूनच दोन प्रश्न वहीत लिहून घ्या. त्याच सुमारास नारायणगावजवळ खोडदला एनसीआरएची महाकाय रेडिओ दुर्बीण पाहायला मिळते: प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या. आसपासच्या शाळांची मुलं स्वतः केलेले प्रयोग घेऊन तिथं येतात. एका वर्षी आयुका, पुढच्या वर्षी खोडद, असं ठरवलं तर दोन्ही नीट पाहून होतात.

विद्यापीठाचं स्वतःचं सायन्स पार्कही आहे, शाळकरी मुलांसाठी तिथंही कार्यशाळा होतात. आणि मानवशास्त्र विभागात इरावती कर्वे यांच्या नावाचं संग्रहालय आहे. ते पाहायला आधी विभागात विचारून वेळ घ्यावी.

नाटक, गाणं, शिकणं

ललित कला केंद्र १९८७ पासून नाटक, संगीत आणि नृत्य शिकवतं. सतीश आळेकर यांनी अनेक वर्षं ते सांभाळलं. तिथले विद्यार्थी आपली नाटकं आणि मैफली अंगणमंचावर आणि संत नामदेव सभागृहात सादर करतात, विशेषतः सत्र संपत आलं की. वेळेच्या आधी जा, कारण जागा थोड्या असतात आणि नाटक सुरू झाल्यावर आत सोडत नाहीत, तेच बरोबर आहे. फोन बंद ठेवा. नाटक संपल्यावर मुलांना भेटून दोन शब्द बोला. बाहेरच्या प्रेक्षकाने सांगितलेलं त्यांना फार लागतं, चांगलं आणि वाईट दोन्ही.

शिकायचं असेल तर परदेशी भाषांचे प्रमाणपत्र वर्ग फर्ग्युसन रस्त्यावरच्या रानडे इन्स्टिट्यूटमध्ये चालतात: जर्मन, फ्रेंच, रशियन, जपानी, स्पॅनिश. बारावी झालेली गृहिणी, नोकरी करणारा मुलगा, निवृत्त आजोबा, सगळे एकाच बाकावर असतात. जाहिरात उन्हाळ्याच्या शेवटी पाहायला लागा.

मैदानाकडे जाणाऱ्यांसाठी खाशाबा जाधव क्रीडा संकुल आहे. कुठलं मैदान बाहेरच्यांना किती वाजता, किती शुल्क भरून मिळतं ते तिथल्या कार्यालयात विचारा.

भिंतीपासून लांब राहत असाल तर

विद्यापीठाचं क्षेत्र पुणे, अहिल्यानगर आणि नाशिक असं तीन जिल्ह्यांचं आहे. त्यामुळे मुळशीत, मावळात, संगमनेरात, निफाडात राहणाराही शेजारीच. त्यांच्यासाठी बहिःशाल शिक्षण मंडळ आहे, आणि त्याची डॉ. बाबासाहेब जयकर व्याख्यानमाला गावोगावी होते. जवळच्या महाविद्यालयामार्फत ती गावात आणता येते. ग्रामपंचायतीच्या किंवा वाचनालयाच्या लेटरहेडवर प्राचार्यांना पत्र द्या: कोणते विषय हवेत, श्रोते किती जमतील, जागा कोणती. ‘शेतीचं पाणी’, ‘मुलींचं आरोग्य’, ‘आपल्या गावाचा इतिहास’ असे नेमके विषय लिहा. ‘कोणताही चांगला विषय’ असं लिहिलंत तर कोणताही वक्ता येतो.

काही खटकलं तर

शेजार म्हटला की तक्रारही आली. रात्रीचा ध्वनिक्षेपक, भिंतीलगत साठलेला पालापाचोळा, तोडलेलं झाड, बंद दिवे. समाजमाध्यमावर फोटो टाकून मोकळे होऊ नका. विद्यापीठाचा कारभार पाहणाऱ्या कुलसचिवांच्या नावे साधं एक पानी पत्र लिहा: काय झालं, कुठं, कधी, तुम्हाला काय व्हायला हवं आहे. दोन प्रती काढा. आवक-जावक विभागात एक द्या आणि दुसरीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घ्या. भिंतीबाहेरच्या पदपथावरचं असेल तर ते महापालिकेचं काम, पत्र क्षेत्रीय कार्यालयात.

महिनाभर वाट पाहून काही झालं नाही तर माहितीचा अधिकार आहे. अर्जाचं शुल्क १० रुपये, उत्तर ३० दिवसांत यायला हवं. प्रश्न ‘का केलं नाही’ असा विचारू नका. ‘माझ्या अमुक आवक क्रमांकाच्या पत्रावर आजवर झालेल्या कार्यवाहीच्या नोंदींच्या प्रती द्याव्यात’ असा विचारा, म्हणजे टाळाटाळ करायला जागा राहत नाही.

आणि तुम्ही याच विद्यापीठाचे पदवीधर असाल तर आणखी एक दार आहे. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठे अधिनियम, २०१६ प्रमाणे अधिसभेवर, म्हणजे विद्यापीठाच्या सिनेटवर, नोंदणीकृत पदवीधरांनी निवडून दिलेले १० प्रतिनिधी असतात. मतदानासाठी आधी पदवीधर म्हणून नाव नोंदवावं लागतं, आणि ते निवडणुकीच्या आधीच्या ठरावीक मुदतीतच करता येतं. पदवी प्रमाणपत्राची आणि पत्त्याच्या पुराव्याची प्रत आजच एका फाइलीत लावून ठेवा. अधिसभा वर्षातून निदान दोनदा भरते. निवडून आलेल्या सदस्याला भेटून, तुमच्या पत्राची शिक्का मारलेली प्रत हातात देऊन, ‘हा प्रश्न सभेत विचाराल का?’ असं तुम्ही म्हणू शकता. मी एकदा दिवे बंद असलेल्या रस्त्याबद्दल असं विचारलं होतं. भेटायला जाताना त्या रस्त्याचा संध्याकाळी सातचा फोटो आणि मूळ पत्राची प्रत, दोन्ही बरोबर नेली होती. सदस्याने आधी फोटो पाहिला, मग पत्रावरची तारीख, आणि आवक क्रमांक आपल्या डायरीत लिहून घेतला.